दोघांपुरती कुकी आणि पाचशे प्रती

ज्या माणसानं तुम्हाला लिहायला शिकवलं, त्याच्याच विरुद्ध तुम्ही कधी लिहिलं आहे का?

मी लिहिलं आहे. पाचशे प्रती छापल्या होत्या, पिवळ्या कागदावर, कारण पिवळा कागद स्वस्त पडतो आणि लांबून दिसतो. हेही मला त्याच माणसानं शिकवलं होतं. तो माणूस माझा बाप. सध्या तो माझ्या वारज्यातल्या भाड्याच्या घरात राहतो. रविवारी सकाळी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून डाव्या हातानं चमचा धरायचा सराव करतो, आणि मी गॅसपाशी उभी राहून बिडाच्या छोट्या तव्यात एक कुकी भाजते. दोघांपुरती. तिसरं कुणी आलं तर पुरणार नाही एवढीच.

आमच्या घराण्यात एवढं थोडं कधी कुणी शिजवलं नव्हतं.

पप्पा प्रेसमध्ये होते. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, खिळ्यांचा जमाना गेला तेव्हा कटिंग मशीनवर गेले. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका कापायच्या आणि संध्याकाळी स्वतःची पत्रकं लिहायची. नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेत मुलींच्या संडासाला कडी नाही, पत्रक. जयंतीला डीजे लावू नका, तेवढ्यात वाचनालयाची पुस्तकं होतील, पत्रक. त्या पत्रकाचं उत्तर म्हणून गल्लीतल्या पोरांनी डीजे बरोबर आमच्या दारासमोर आणून लावला होता. बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी अक्षरं शिकले ती ओल्या प्रुफांवरून. 'धिक्कार' हा शब्द मला 'बदका'च्या आधी लिहिता येत होता.

पप्पांचे नियम होते. पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा, चालणारा माणूस थांबला पाहिजे. एका कागदात एकच गोष्ट. ज्याच्या विरुद्ध लिहिलं, त्याला पहिली प्रत नेऊन द्यायची. जोरकस शब्द सापडला की पेन खाली ठेवायचं आणि तो खरा आहे का ते बघायचं. शेवटी वाचणाऱ्याला एक काम सांगायचं. "काम सांगितलं नाही तर ते पत्रक नाही, रडगाणं," ते म्हणायचे. आणि सगळ्यात कडक नियम असा, की छापलेलं पत्रक घरात झोपत नाही. आलं त्या दिवशी वाटायचं.

वाटलेली पत्रकं लोक कोपऱ्यावर टाकून द्यायचे. आई ती गोळा करून आणायची आणि डब्यांच्या तळाशी घालायची. तिचं बघून शेजारणी घालायला लागल्या. आमच्या गल्लीत कुठल्याही घरातला डबा रिकामा केला की खाली पप्पांची एखादी मागणी निघायची. अर्ध्याअधिक मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत, पण लाडू मात्र कधी तळाला चिकटले नाहीत.

माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात दिवाळी नाही. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गल्लीतल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीवर जायच्या. बेकरीवाला त्यांच्या मालाची नानकटाई मोठ्या भट्टीत भाजून द्यायचा. आईही जायची.

"आपल्यात दिवाळी नाही," पप्पा दरवर्षी आठवण करून द्यायचे.

"दिवाळी नाहीच. नानकटाई आहे."

"मग नेमकी याच आठवड्यात कशाला?"

"याच आठवड्यात भाजून देतात म्हणून. जा, भट्टीला तिचा धर्म विचारून या, मग मला सांगा."

पप्पा कुठे जायचे नाहीत. पत्र्यावरची नानकटाई एकमेकींत मिसळू नये म्हणून प्रत्येक बाई आपल्या पत्र्यावर एक चिठ्ठी ठेवायची, नावाची. आईच्या पत्र्यावर नाव नसायचं. पत्रकाचा फाडलेला पिवळा कोपरा असायचा. बेकरीवाला ओरडायचा, "मोर्च्याची नानकटाई कुणाची, न्या!" दोन किलो घरी यायची. पहिला डबा सगळ्या गल्लीत वाटला जायचा, कारण आमच्याकडे काहीही वाटल्याशिवाय खायचं नसतं. दुसऱ्या डब्याचा फडशा पप्पा एकटे पाडायचे.

आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. शेवटचे दोन महिने तिला उभं राहता येत नव्हतं. आमच्या घरात संडास नव्हता, गल्लीच्या टोकाला सार्वजनिक होता. पप्पा तिला दोन्ही हातांवर उचलून न्यायचे. ती डोक्यावरून पदर ओढून घ्यायची, कुणाची नजर नको म्हणून. मी दोनदा म्हटलं, मी धरते. ती म्हणाली, "तू नको." एवढंच.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते लिहिलं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

गल्लीत एक अभ्यासिका होती. पप्पांनी उभी केली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. आमच्याकडे वाढदिवसाला केक कापत नसत. ज्याचा वाढदिवस, त्यानं अभ्यासिकेला वह्या द्यायच्या. मी तिथंच दहावी झाले, तिथंच पदवीचा अभ्यास केला, तिथंच पहिलं पत्रक लिहिलं. मग बिल्डर आला. सगळी वस्ती पाडून इमारत होणार, प्रत्येकाला घर, घरात संडास, आणि नकाशात अभ्यासिकेची जागा तळमजल्याला, पार्किंगच्या एका कोपऱ्यात. खिडकी नाही. पप्पा वस्तीच्या समितीचे सचिव होते. मी म्हटलं, सही करू नका, अभ्यासिकेला नीट जागा मिळेपर्यंत अडवून धरा. मला अजूनही वाटतं की माझी मागणी बरोबर होती.

पप्पांनी सही केली.

"अडवून धरलं की तीन वर्षं जातात," ते म्हणाले. "वस्तीत सात म्हाताऱ्या बायका आहेत. त्या तीन वर्षं कुठं जातील, अभ्यासिकेत? तुझ्या आईला मी कसं नेत होतो, तू बघितलंस."

मी म्हटलं, "वैयक्तिक दुःखावर राजकारण करायचं नसतं. हे तुम्हीच शिकवलंत."

ते काही बोलले नाहीत. मी त्यांचं गप्प बसणं माझा विजय समजले.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत प्रश्न होता. एकच गोष्ट होती. नाव घेतलं होतं, कारण नाव न घेता आरोप करणं भ्याडपणाचं, हेही त्यांचंच शिक्षण. शेवटून तिसरी ओळ अशी होती: 'ज्या हातांनी अभ्यासिका उभारली, त्याच हातांनी ती विकली.' आधी मी 'सोडली' लिहिलं होतं. 'सोडली' खरं होतं. पण ओळ पडत होती. 'विकली' लिहिलं आणि ओळ उभी राहिली. पेन खाली ठेवायचं असतं हे मला आठवलं. मी ते ठेवलं नाही.

पप्पांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. मला ते माहीत होतं. तुम्हाला आत्ता जेवढं स्पष्ट सांगते आहे, तेवढंच स्पष्ट तेव्हाही माहीत होतं.

प्रेसला मी सवयीनं घरचाच पत्ता दिला होता. गठ्ठा आला तेव्हा मी कामावर होते. एका कंपनीसाठी मी मराठी जाहिराती लिहिते, पोटासाठी. संध्याकाळी घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. पलंगावर गठ्ठ्याची सुतळी नीट गुंडाळून ठेवलेली. गठ्ठा नाही. माझ्या मनात पहिला विचार आला की यांनी जाळला. मनातल्या मनात मी दुसरं पत्रक लिहायला घेतलंसुद्धा.

सातच्या सुमाराला पप्पा आले. चपला पांढऱ्या झालेल्या, धुळीनं.

"वाटली," ते म्हणाले.

"काय?"

"पत्रकं. काय म्हणजे काय? गठ्ठा दुपारी आला, तू नव्हतीस. घरात कशी झोपवायची?" ते पलंगावर बसले, गुडघे चोळायला लागले. "चौकात वाटून उपयोग नसतो, पुरुष बघतात आणि टाकतात. मंडईत गेलो. बायका घेतात, घरी नेतात. तुला किती वेळा सांगितलंय. घडी मात्र चांगली घातली सगळ्यांना."

मी सुतळी उचलून हातात घेतली.

"पहिली प्रत मी घेतली," ते म्हणाले. "नियम आहे." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शेवटून तिसरी ओळ. तुला ती खरी वाटते?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

पुढच्याच आठवड्यात मी वारज्याला खोली घेतली. कारण सांगितलं ऑफिसचं. खरं म्हणजे त्या घरात त्यांच्या समोर बसून जेवणं मला जमत नव्हतं. इकडे त्यांनी समितीचा राजीनामा दिला. फोन त्यांनीही केला नाही, मीही नाही. आठ महिने. दोन तत्त्वनिष्ठ माणसं एका शहरात किती सहज न भेटता राहू शकतात, ते आम्ही सिद्ध केलं.

त्या आठ महिन्यांतच मी बिडाचा तो छोटा तवा घेतला. आईची भांडी सगळी मीटिंगच्या मापाची. तिच्या पातेल्यात एकटीचा भात शोधावा लागायचा. तव्यात आधी नुसती अंडी केली. मग मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला: एकट्या माणसासाठी तव्यातली कुकी, ओव्हनची गरज नाही. गोड आवाजातली मुलगी म्हणत होती, स्वतःचे लाड करा. मला असला राग आला! सगळं जग माणसाला एकटं पाडतं आणि मग एकट्याच्या मापाची भांडी विकतं, यावर मी डायरीत दोन पानं लिहिली. मग उठून कुकी केली. खालून कोळसा, वरून कच्ची. तशीच खाल्ली, उभ्या उभ्या, गॅसपाशी.

मग एका दुपारी आमच्या गल्लीतल्या शेजारीण काकूंचा फोन आला. "पोरी, भांडण बाजूला ठेव आणि ये. तुझा बाप बोलंना झालाय."

पॅरालिसिसचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि भाषा सगळी गेली. वाचताही येत नाही. कागद हातात दिला तर उलटसुलट करून बघतात. एकच शब्द शिल्लक राहिला आहे. तो शब्द आहे 'बरं'.

पहिल्यांदा त्यांनी तो म्हटला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉटपाशी रडले. मला वाटलं, मला ओळखलं, मला माफ केलं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी हळूच समजावलं. "कधी कधी एखादाच शब्द उरतो. तो होसाठीही असतो, नाहीसाठीही. त्यावर विसंबू नका."

त्यांना घरी आणल्यावर मी तपासून बघितलं.

"पप्पा, चहा हवा?"

"बरं."

"चहा नको ना?"

"बरं."

"मी कोण आहे? शेजारची?"

"बरं."

ज्या माणसानं आयुष्यात एका गोष्टीला मुकाट्यानं बरं म्हटलं नाही, त्याच्याकडे झटक्यानं तेवढंच ठेवलं.

गिळण्याचाही त्रास होता. बाईंनी यादी दिली: कोरडं नको, भुगा होणारं नको, घशात अडकतं, श्वासनलिकेत जातं. मऊ, ओलसर, चमच्यानं तुटणारं द्या. साखर बेतानं. मी यादी फ्रिजवर लावली. मग दिवाळीचा आठवडा आला, खालच्या मजल्यावरून तूप-वेलचीचा वास आला, आणि पप्पांनी खुर्चीतून मान वळवली. नुसती वळवली नाही, उठायला बघितलं. डाव्या हातानं दाराकडे बोट, मग तोंडाकडे. "बरं. बरं. बरं."

नानकटाई. भुगा होणाऱ्या वस्तूंची राणी.

तरी मी बेकरी शोधली. वाटलं, सांगून मऊ भाजून घेऊ. मालक गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाला, "दोन किलोच्या आत घेत नाही."

"दोघंच आहोत हो आम्ही. पाव किलो करा."

"ताई, ही भट्टी आहे, मेणबत्ती नाही. पत्रा रिकामा जातो."

"एका कोपऱ्यात ठेवा."

"कोपरा आम्ही भाड्यानं देत नाही. पुढचे बोला."

मी भांडले असते. एरवी भांडलेच असते. पण घरी पप्पा एकटे होते. मी परत आले आणि बिडाचा तवा काढला.

व्हिडिओतली कुकी आणि आईची नानकटाई यांचं मी लग्न लावलं. दोन चमचे तूप पातळ केलं, त्यात गुळाची पावडर घोटली. अंड्याचा फक्त बलक घातला, चमचाभर दूध. तीन चमचे मैदा, एक चमचा बेसन, चिमूटभर सोडा. व्हिडिओत चॉकलेट होतं, मी वेलची आणि जायफळ घातलं. तवा थेट आचेवर ठेवला नाही, खाली पोळ्यांचा जाड तवा ठेवला, वर घट्ट झाकण, गॅस अगदी बारीक. पहिली करपली. दुसरी फुगली आणि बसली. तिसरीला झाकण लवकर काढलं. चौथी झाली: कडा कुरकुरीत, तांबूस, आणि मधला भाग मऊ, चमचा बुडेल इतका.

कडा त्यांना चालत नाहीत. मी ठरवलं, कडा माझ्या, मधला भाग त्यांचा. दोघांपुरती बरोबर वाटणी.

तवा समोर ठेवला. पप्पांनी वास घेतला. डाव्या हातात चमचा धरला आणि तो थरथरता चमचा उभा करून कुकी कापायला सुरुवात केली. दोन भाग. चार. सहा. आठ. पाच मिनिटं लागली असतील. मग चमचा दाराकडे केला.

"बरं."

"पप्पा, ही वाटायची नाही. एवढीशी आहे. तुमची आहे."

"बरं." चमचा दाराकडेच.

"खा आधी."

"बरं." तोंड घट्ट बंद.

शेवटी मी एक तुकडा बशीत घालून दाराबाहेर गेले, जिन्यात स्वतःच खाल्ला आणि रिकामी बशी घेऊन आत आले. मग त्यांनी खाल्लं. डोळे मिटून, हळूहळू, मधला मऊ भाग. मी बापाला फसवत होते आणि तो खात होता, म्हणून मला आनंद होत होता. पुढचे सगळे रविवार असेच गेले.

मागच्या रविवारी काकू आल्या. गल्ली रिकामी झाल्यापासून त्या वाघोलीला भाड्यानं राहतात. वस्तीतली बरीच घरं तिकडेच गेली आहेत, इमारत होईपर्यंत. दोन बस बदलून आल्या, चिवड्याचा स्टीलचा डबा घेऊन.

"हे काय, सचिव! बरे दिसताय की," त्या पप्पांना म्हणाल्या. "पोरगी खायला घालते का नुसती भाषणं देते?"

"बरं," पप्पा म्हणाले. हसलेसुद्धा, अर्ध्या तोंडानं.

मी कुकीचं पीठ कालवून ठेवलं होतं. तवा गॅसवर चढवला आणि काकूंना डबा लगेच परत हवा म्हणून चिवडा पातेल्यात ओतला. तळाशी पिवळा कागद होता. गोल कापलेला. तेलानं डागाळलेला, पण सगळी अक्षरं शाबूत.

"तुझंच आहे," काकू सहज म्हणाल्या. "चांगला जाड कागद घेतलास. तेल पीत नाही. आम्ही सगळ्यांनी डब्यात घातलाय. वाघोलीला जाताना भांड्यांबरोबर तोही गेला."

मी कागद हातात धरून उभी. काकूंनी आवाज खाली आणला, पण खोली एवढीशी, पप्पांना ऐकू जाणारच.

"एक सांगू? तिकडं अजून म्हणतात लोक. सचिवांनी पैसे घेतले म्हणून. मी भांडते. तर म्हणतात, तुम्हाला काय माहीत, पोटच्या पोरीनं छापलंय, ती खोटं लिहील का?"

काकू गेल्या. त्यांना दीडची बस गाठायची होती. मी दार लावलं. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. ऐकलं होतं का, ऐकलं तर कळलं होतं का, मला माहीत नाही. थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, समजतं बरंच, सांगता येत नाही.

मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. कागद आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"पप्पा, तुम्ही विचारलं होतंत, ती ओळ खरी वाटते का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. लिहितानाच माहीत होतं. तुम्ही काही घेतलं नव्हतं. मी शब्दासाठी केलं. नुसत्या एका शब्दासाठी."

ते माझ्याकडे बघत होते.

"आणि आईचं तुम्ही बोललात, तेव्हा मी जे बोलले, तेही." मी स्टूल आणखी जवळ ओढलं. "मला माफ करा. करता का?"

"बरं," पप्पा म्हणाले.

एवढी वर्षं शब्दांवर जगले आहे मी. तो शब्द ऐकला आणि कळलं की याचं मी काहीही करू शकत नाही. 'माफ केलं' असं मी त्याला वाचू शकते. 'कधीच करणार नाही' असंही वाचू शकते. त्या संध्याकाळी धुळीच्या चपला काढताना त्यांनी हाच शब्द म्हटला होता, आणि तेव्हा त्यांच्याकडे सगळे शब्द होते. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. आता उत्तर देणारा समोर आहे आणि उत्तर नाही.

करपल्याचा वास आला. मी कागद स्टुलावर टाकून धावले. कुकी खालून काळी पडली होती, वरचा भाग तेवढा मऊ होता. तशीच तव्यासकट आणून ठेवली. पप्पांनी चमचा घेतला. कापायला लागले. दोन, चार, सहा, आठ. मग चमचा दाराकडे.

मी पुन्हा बशी घेऊन जिन्यात जाऊन खोटं खोटं परत आले असते. बशीत तुकडे घालून उठलेही. पण या वेळी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि स्टुलावरचा पिवळा कागद घेतला. डाव्या हातानं, मांडीवर दाबून, त्याची घडी घालायला लागले. गोल कापलेल्या कागदाची काय घडी होणार? वाकडी झाली. अंगठ्याच्या नखानं त्यांनी ती दाबली, जशी आयुष्यभर दाबली तशी. तो कागद माझ्या बशीत, कुकीच्या तुकड्यांशेजारी ठेवला. आणि पुन्हा बोट केलं. दाराकडे.

कदाचित त्यांना फक्त कुकी वाटायची होती. कदाचित कागद दिसला की घडी घालायची ही हाताची नुसती सवय असेल. भाषा जाते, हात राहतात. मी त्याचा जो अर्थ लावला, तो माझा आहे, त्यांच्या तोंडी घालत नाही. एकदा त्यांच्याबद्दल खोटं छापलं, दुसऱ्यांदा छापणार नाही. पण मला लागलेला अर्थ असा: बंद खोलीत, एका ऐकणाऱ्यासमोर मागितलेली माफी ही घरात झोपवलेलं पत्रक आहे. आरोप पाचशे घरांत गेला आणि माफी दोघांपुरती केलीस होय?

या वेळी मी खरंच दारं वाजवली. समोरच्या आजोबांनी बोटाच्या पेराएवढा करपलेला तुकडा चष्मा लावून बघितला. "हे खायचं आहे की तपासायला द्यायचं आहे?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, मुंगीच्या बारशाला केलंत का?" आणि तरी खाल्ला, आणि विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, "माझ्या वडिलांबद्दल मी एक खोटं छापलं होतं, त्याबद्दल." त्या हसायच्या थांबल्या. सातही तुकडे गेले. परत आले तेव्हा पप्पा वाट बघत होते. रिकामी बशी त्यांनी वाकून बघितली, नीट, आतपर्यंत. मग आठवा तुकडा खाल्ला.

वारज्यातल्या या सात घरांनी ते पत्रक कधी वाचलंच नव्हतं. ज्यांनी वाचलं ते बिबवेवाडीत आहेत, वाघोलीत आहेत, आणखी कुठे कुठे पांगले आहेत. म्हणून हे लिहिलं, आणि पहिली प्रत नियमाप्रमाणे पप्पांच्या मांडीवर ठेवली आहे. त्यांनी ती उलटी धरली आहे.

आता तुमचं काम. घरातले डबे काढा. चिवड्याचा, लाडवांचा, पिठाचा, सगळे. तळाशी गोल कापलेला पिवळा कागद निघाला तर त्याची शेवटून तिसरी ओळ बघा आणि पेनानं त्यातला 'विकली' हा शब्द खोडा. वर 'सोडली' लिहा. एका म्हाताऱ्या माणसानं सात म्हाताऱ्या बायकांसाठी सोडली, एवढंच खरं आहे. आणि तो कागद पुन्हा डब्यात घालू नका. घडी घाला, आणि आजच्या आज शेजारच्या दारात नेऊन द्या.